एकाच बिल्डिंगचे तीन झिरो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आता म्हणे बिल्डिंग आधी कॉम्प्युटरवर पूर्ण बांधून बघतात त्यामुळे साईटवर चुका होतच नाहीत, असं तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचलं आणि चहाचा ठसका लागला. मी पुण्यात बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे आर्किटेक्टचं, स्ट्रक्चरवाल्यांचं, प्लंबिंगवाल्यांचं अशी वेगवेगळी मॉडेल्स एकावर एक बसवून कोण कुणाच्या अंगावर येतंय ते बघायचं, हेच माझं पोटापाण्याचं काम. चुका होतात हो, भरपूर होतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा डिझाईनच्या नसतातच, झिरो, म्हणजे मापं जिथून मोजायची ती जागा, कुठे धरला याच्या असतात.

आमच्याकडचाच किस्सा सांगतो, नावं नकोत. प्लंबिंगच्या ऑफिसात एका पोराने रेव्हिटमध्ये (ही मॉडेल्स बनवायचं सॉफ्टवेअर) स्ट्रक्चरची फाईल लिंक केलेली, म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये जोडलेली, ती पिन करायची, म्हणजे हलू नये म्हणून टाचून ठेवायची, राहिली. सिलेक्ट होती आणि चुकून कीबोर्डवरचा बाण तीनदा दाबला गेला, लिंक 300 मिलिमीटर सरकली. त्याच्या लक्षातही आलं नाही कारण त्याचे पाईप आर्किटेक्टच्या टॉयलेटशी बरोबर जुळत होते. संध्याकाळी फाईल सेव्ह करताना रेव्हिटने विचारलं की लिंकची जागा बदललीय, काय करू? तीन पर्याय असतात, सेव्ह, डू नॉट सेव्ह आणि शेअर्ड पोझिशनिंग बंद करा. संध्याकाळी सात वाजता घरी निघालेला माणूस काय दाबणार, सेव्ह. झालं, ती चुकीची जागा त्यांच्याकडच्या स्ट्रक्चरच्या फाईलमध्ये जाऊन बसली आणि मग स्लीव्हचं (पाईप जायला स्लॅबमध्ये ठेवायच्या भोकांचं) ड्रॉइंग काढलं त्यातली सगळी मापं त्या सरकलेल्या कॉलमपासून. माझ्याकडे स्ट्रक्चरची फाईल थेट स्ट्रक्चरवाल्यांच्या ऑफिसातून आलेली, ती बरोबर, त्यामुळे क्लॅश रिपोर्टमध्ये, म्हणजे कोण कुणाला धडकतंय त्या यादीत, काही म्हणजे काही दिसलं नाही. साईटवाल्याने इमानदारीत खऱ्या कॉलमपासून टेप लावला. स्लॅब ओतून झाला, खालचे टेकू निघाले, ब्लॉकवाला भिंतीची पहिली लाईन मारायला गेला तर स्लीव्ह भिंतीच्या बरोबर खाली. 14 स्लीव्ह. मग काँक्रीटला भोक पाडायची कोअर कटिंगची मशीन, स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या विनवण्या (दोन भोकं बीमला खेटून येत होती), आणि मीटिंगमध्ये प्रत्येकजण आपापला लॅपटॉप दाखवून म्हणतोय आमच्याकडे तर बरोबर दिसतंय. आणि खरंच प्रत्येकाकडे बरोबर दिसत होतं!

ज्यांचा या सॉफ्टवेअरशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक मॉडेलला एक आतला ओरिजिन, म्हणजे शून्यबिंदू, असतो, तो हलत नाही. त्याच्या आसपासच काम करावं लागतं कारण 16 किलोमीटरच्या पलीकडे रेव्हिटचा हिशोब डळमळायला लागतो, गोल पाईप कंगोरेदार दिसतात, रेषा थरथरतात. आता सर्व्हेअर जी फाईल देतो ती यूटीएममध्ये (पृथ्वीचे पट्टे, म्हणजे झोन, पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत), आणि त्यात पुणं पूर्वेला साधारण 3 लाख 80 हजार मीटर, उत्तरेला साडेवीस लाख मीटरवर. ते आहे तसं मॉडेलमध्ये आणून टाकलं की बोंब. म्हणून मॉडेल ओरिजिनपाशीच ठेवायचं आणि त्याला फक्त सांगायचं की बाबा तुझा खरा पत्ता हा, आणि खरी उत्तर या दिशेला. याला शेअर्ड कोऑर्डिनेट्स म्हणतात. घरातलं सामान जागचं हलत नाही, दारावरची पाटी तेवढी लागते. साईटच्या फाईलमधून हा पत्ता आपल्या मॉडेलमध्ये घेतला तर अक्वायर, आपल्याकडून लिंकला दिला तर पब्लिश, आणि एकदा सगळ्यांकडे एकच पत्ता आला की कुणीही कुणाचीही फाईल लिंक करा, ती आपोआप जागेवर बसते.

पण अक्वायर एका वेळी एकाच फाईलकडून. आज आर्किटेक्टकडून घेतला, उद्या दुसऱ्या कुणाकडून घेतला की आधीचा पुसला जातो. आमच्याकडे तीन ऑफिसं असतात आणि तिघंही एकमेकांकडून अक्वायर करत बसतात, कोणाचा खरा हे विचारायचं नाही, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. त्यात मागच्या प्रोजेक्टची फाईल कॉपी करून नवीन काम सुरू करायची सवय. पुण्यातली फाईल नागपूरच्या कामाला वापरली तर पुणं यूटीएमच्या 43 झोनमध्ये आणि नागपूर 44 मध्ये, 78 रेखांशाच्या पलीकडे, हे कॉलेजात कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय यूटीएममधलं अंतर आणि जमिनीवर टेपने मोजलेलं अंतर तंतोतंत एक नसतं, पुण्यात किलोमीटरमागे 20 ते 30 सेंटीमीटरचा फरक पडतो, एका बिल्डिंगला चालून जातं पण मोठ्या टाऊनशिपला किंवा रस्त्याला नाही चालत.

उंचीचं तर विचारूच नका. मुंबईत पालिकेच्या अटींमध्ये अजून 92 टीएचडी असा आकडा येतो, म्हणजे टाऊन हॉल डेटम (डेटम म्हणजे उंची जिथून मोजायची तो झिरो), आणि तो फुटात. सर्व्हेअर लेव्हल देतो समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, आर्किटेक्टचा झिरो प्लिंथवर, आणि स्ट्रक्चरवाला म्हणतो मी आर्किटेक्टचंच धरलंय, पण ते कितव्या रिव्हिजनचं? हसू नका, युरोपातही झालंय. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मध्ये लाउफेनबुर्गला ऱ्हाईन नदीवर पूल बांधत होते. जर्मनी उंची धरते ॲमस्टरडॅमच्या समुद्रापासून, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्रापासून, दोन्हींत 27 सेंटीमीटरचा फरक, आणि तो फरक दोघांनाही माहीत होता बरं का! दुरुस्ती करताना अधिकच्या जागी उणे झालं आणि 54 सेंटीमीटरची तफावत पडली, 2003 मध्ये लक्षात आलं, मग जर्मन बाजू खाली घ्यावी लागली. आपल्याकडे तर फरक आहे हेच आधी कुणाला ठाऊक नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बिल्डर असो, सरकारी खातं असो, जो पैसे देतो त्याने कामाच्या करारातच लिहावं की झिरो कुणाच्या ताब्यात. एक माणूस. त्याची एक साईट फाईल, सगळ्यांनी अक्वायर तिच्याकडूनच करायचं, लिंक पिन, आणि ती सेव्हवाली खिडकी आली की कोणतंही बटण दाबण्याआधी त्याला फोन. सोबत एक पानभर कागद, साईटवरच्या दोन पक्क्या खुणांचे आकडे, उत्तर किती अंशाने फिरवलीय, लेव्हल कुठल्या डेटमची, फूट की मीटर. पहिल्या आठवड्यातलं अर्ध्या दिवसाचं काम आहे पण याची फी कुणाच्याच कोटेशनमध्ये नसते म्हणून ते कुणीच करत नाही, आणि कोअर कटिंगचं बिल मात्र मुकाट भरतात. आणि सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका प्लीज, त्याने विचारलं होतं.

कागदाइतकीच ती साईटवरची खूणही सांभाळा. एका साईटवर आमचा बेंचमार्क कंपाउंडच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने रंगवलेला, झकास, आणि पंधरा दिवसांनी गेट मोठं करायला ती भिंतच पाडली. कुणाला काही वाटलं नाही, मिस्त्री म्हणाला साहेब आकडा पाठ आहे मला. आकडा पाठ आहे, भिंत कुठाय?

सध्याच्या साईटवर म्हणून शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर खूण केलीय आणि त्यांच्या सेक्रेटरी काकांना सांगून ठेवलंय की रंगकाम काढलंत तर आधी मला फोन करा. दिवाळीच्या आधी काढणारेत म्हणाले.

आपला,
एक वाचक, पुणे