काकाजींचा डोळा अन् आपल्या क्लबचं थेंबांचं रजिस्टर

प्रिय मित्रा,

फोनवर आपलं बोलणं होतच राहते पण निवांत असं होत नाही, अन् जे सांगायचं आहे ते घाईघाईत सांगण्यासारखं नाही म्हणून आज जेवण आटोपून बसलो टाइप करायला. लांब होईल, पण पूर्ण वाच. आधीच सांगून टाकतो, घरी सगळे बरे आहेत, घाबरू नको. तुझ्या बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आज १७ दिवस झाले, चांगलं झालं, डॉक्टरही म्हणाले छान आहे. तुला कळवलं नाही कारण काकाजींनी मला शपथ घातली होती, "पोराले काई सांगू नको, तो तिकडून काम सोडून पयत येईन." काल काकूनीच म्हटलं की आता सांगून टाक बावा, किती दिवस लपवतो. म्हणून सांगून राहिलो. रागावशील तर माझ्यावर रागाव, त्यांच्यावर नको.

मला पहिल्यांदा शंका आली ती कापसाच्या पऱ्हाटीच्या फवारणीच्या वेळी. मी तुमच्या धुऱ्यावरून जाऊन राहिलो होतो तर काकाजी औषधाची डबी पार नाकाजवळ धरून टोपणात माप पाहत होते, अन् दिसलं नसेल म्हणून अंदाजानेच पंपात ओतलं. मी जवळ जाऊन पाहिलं तर जवळजवळ दुप्पट पडलं होतं. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीत किती शेतकरी गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, माझ्या तर अंगावर काटा आला. तो पंप मी तिथेच रिकामा करायला लावला, त्यावरून ते माझ्यावर चिडलेही. मग दिवाळीच्या आसपास पहिल्या वेच्याचा कापूस विकायला नेला तेव्हा व्यापाऱ्यानं किडकी कवडी निघते म्हणून भाव पाडला अन् काकाजी त्याच्याशी भांडले, माझ्या कापसात कवडी नाहीच म्हणून. कवडी होती रे. मी हातात घेऊन पाहिली, बोंडअळीनं खाल्लेली पिवळी कवडी पांढऱ्या कापसात मिसळलेली, कोणालाही दिसली असती. आयुष्यभर ज्यांचा कापूस गावात सगळ्यात साफ म्हणून लोक उदाहरण द्यायचे त्यांना ती दिसली नाही, अन् दिसत नाही हे त्यांना कळतही नव्हतं. यंदा तुला दिवाळीला सुट्टी भेटली नाही, नाहीतर तुझ्याही लक्षात आलं असतं.

म्हटलं, काकाजी, आपल्या गावच्या क्लबचं डोळ्यांचं शिबिर आहे, डोळे तपासून घ्या. तर म्हणे, "वावरात जायले डोये नाई लागत, पाय लागते." मग म्हणे कापूस निघू दे, मग म्हणे तूर निघू दे. अन् खरं कारण शेवटी निघालं ते वेगळंच, ते म्हणाले मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, माझा अजून कच्चा आहे. हे गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या लोकांच्या डोक्यात बसलेलं आहे अन् एके काळी ते खरंही होतं. आपल्या आजोबांच्या वेळी ऑपरेशन म्हणजे भिंग काढून टाकायचं अन् मग तो बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्मभर, म्हणून होईल तितकं थांबायचे. आता आत लेन्स बसवतात, १५-२० मिनिटांचं काम, अन् जास्त पिकू दिला तर उलट डोळ्यातलं प्रेशर वाढून डोळाच जाऊ शकते. हे मास्तरांनी त्यांना तीन वेळा घरी येऊन समजावलं. तिसऱ्या वेळी काकूंनी चहा ठेवला अन् काकाजी म्हणाले, "बरं, लिवा माया नाव."

शिबिराचं थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या लायन्स क्लबवाल्यांनी तपासणीची माणसं अन् मशीन दिली. त्यांचं डोळ्यांचं काम जुनं आहे, १९२५ साली हेलन केलरनं त्यांच्या अधिवेशनात भाषण करून अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं तेव्हापासूनचं, हे मला त्यांच्याच एका मेंबरनं सांगितलं अन् मला ते फार आवडलं, जिला स्वतःला दिसत नव्हतं अन् ऐकूही येत नव्हतं तिनं मागितलं अन् १०० वर्षं लोक ते करून राहिले. गावात फक्त तपासणी होते, ऑपरेशन दवाखान्यातच. शाळेत टेबल खुर्च्या लावल्या, टेलरकाकांनी रांगेचे चिठ्ठे दिले, चक्कीवाल्या दादानं सगळ्यांचा आलूभात केला, आशाताईंनी शुगर बीपी पाहिलं. सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ पासून आहे, त्यात ऑपरेशन, लेन्स सगळं फुकट, आपल्याला फक्त नेणं-आणणं. गाडीचं डिझेल तू पाठवलेल्या पैशातून झालं हे तुला माहीत असावं. म्हणजे तुझे बाबा तुझ्याच पैशानं गेले, तुला न कळता.

पण मला तुला खरं सांगायचं आहे ते ऑपरेशननंतरचं.

मागच्या वर्षीची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. खालच्या मोहल्ल्यातली आजी, एकटी राहते ती, तिला आपण नेलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, वापस आणून घरी सोडलं, थेंबांच्या बाटल्या हातात दिल्या अन् आम्ही सगळे खुश. ग्रुपवर फोटो टाकले, अभिनंदनाचे मेसेज आले. आठव्या दिवशी मी सहज गेलो तर आजी कोनाड्याजवळ बसलेली, डोळा लालभडक, पाणी गळून राहिलं. बाटल्या कोनाड्यात तशाच, एकीचं सीलही निघालेलं नव्हतं. तिला कोण टाकून देणार होतं? तिच्या हाताला कंप आहे, स्वतःला टाकता येत नाही, अन् मागायला तिला संकोच. लगेच नेलं, डोळा वाचला, पण नजर जशी यायला पाहिजे होती तशी नाही आली. त्या रात्री मला झोप नाही लागली. त्या आजीला आम्ही सगळ्यांनी मिळून गाडीत बसवलं होतं अन् सगळ्यांनी मिळून विसरलो होतो.

तिथून थेंब ड्युटी सुरू झाली. नववी-दहावीचे पोट्टे अन् पोरी, दोघा-दोघांना एक पेशंट. पहिल्या आठवड्यात दिवसातून ६ वेळा एक औषध, मग दर आठवड्याला एकेक कमी करत ६ आठवडे. दवाखान्यातल्या सिस्टरनं पोरांना शिकवलं. साबणानं हात धुवायचे, पेशंटला वर पाहायला सांगायचं, खालची पापणी बोटानं हळू ओढायची म्हणजे खोबण होते, थेंब त्या खोबणीत, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, मग मिनिटभर डोळा मिटून. दुसरी बाटली असेल तर ५ मिनिटं थांबून. प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये टाइम अन् सही. सकाळी शाळेच्या आधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, रात्री जेवायच्या आधी पोरं पळत जातात. मी रोज रात्री सगळी रजिस्टरं पाहतो, एखादा खाना रिकामा दिसला की चप्पल घालून निघतो. यंदा १४ पेशंट झाले अन् एकाचाही डोळा लाल नाही झाला.

काकाजींकडे कोतवालाची पोरगी येते. ती लय कडक आहे. परवा त्यांनी गॉगल काढून ठेवला होता तर म्हणाली, आबाजी, रजिस्टरमध्ये लिहू का? चुपचाप घातला बिचाऱ्यांनी.

अन् हे ऐक. पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर मला वाटलं आता काकूंकडे पाहतील, नातीचा फोटो मागतील. ते ओसरीत गेले. कापसाचा ढीग होता, त्यासमोर पाट घेऊन बसले, काळा गॉगल घातलेलाच, अन् मूठभर कापूस उचलून उजेडाकडे धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक कवडी काढून बाजूला ठेवली. मग दुसरी. मग हळूच म्हणाले, "त्या व्यापाऱ्याचं खरं होतं रे." काकू ओरडल्या, धूळ जाईल डोळ्यात, उठा, तेव्हा उठले, पण ती काढलेली कवडी मुठीत तशीच धरून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप, व्यापाऱ्याकडे घेऊन चाल. गेलो. त्याला म्हणाले, मी तुला नाही नाही ते बोललो, मनात ठेवू नको. तो बिचारा खुर्चीवरून उठून उभा राहिला.

बाकी क्लबचं चालू आहे. २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला नेहमीसारखा खराटा घेऊन सफाई, यंदा बाजारओळ घेणार आहोत. रक्तदानाचं मात्र मला बोचून राहिलं, बायका हौसेनं रांगेत येतात अन् हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरते म्हणून बऱ्याच जणींना वापस जावं लागते. एक ताई तर रडली, म्हणे माझं रक्त देण्याइतकंही नाही का. रक्त गोळा करण्याच्या आधी गावातल्या बायकांच्या अंगात रक्त कसं वाढेल ते पाहिलं पाहिजे असं मी मीटिंगमध्ये बोललो, आशाताई अन् मी त्यावर काही करायचं म्हणून राहिलो, ठरलं की लिहीन.

आता माझं काम. काकाजींचा डावा डोळा जानेवारीच्या शेवटी करायचा आहे. त्या वेळी कोतवालाच्या पोरीची दहावीची प्रॅक्टिकल असेल, अन् मला वाटते पहिल्या आठवड्याची ड्युटी तू करावी. ८-१० दिवसांची सुट्टी काढ. पैसे पाठवू नको यावेळी, ये. पापणी ओढून थेंब टाकायला एका दिवसात येते, मी शिकवतो, अन् रजिस्टरमध्ये तुझ्या नावाची ओळ मी आजच आखून ठेवली. गाडीचं तिकीट झालं की सांगजो, पुलगावला उतर, मी मोटरसायकल घेऊन येतो, रात्रीची गाडी असली तरी येतो. येताना काकाजींसाठी एक चांगला गॉगल आणजो, दवाखान्यातल्याची दांडी ढिली झाली अन् ते सुतळीनं बांधून वापरून राहिले.

तुझाच,
मी