मूर्तिकार काकांना जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कशाला टाकतोस, मी काय केलं?" असं तुम्ही म्हणालात. काय केलंत ते चारचौघांतच सांगतो.

आमच्या आजोबांवरचा, आबांवरचा, माझा माहितीपट अडला होता. आणीबाणीत 'मिसा'खाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करणाऱ्या कायद्याखाली, ते नाशिकरोडच्या तुरुंगात होते, पण त्या काळातला त्यांचा एकही फोटो नाही. कॅमेरा लावला की आबा सभेत उभे असल्यासारखे सुरू व्हायचे: जयप्रकाश, लोकशाही, सत्याहत्तरची निवडणूक. स्वतःबद्दल चकार शब्द नाही.

फोटोंच्या जागी मातीची माणसं दाखवायची युक्ती मी कंबोडियाचे चित्रपट दिग्दर्शक रिथी पान्ह यांच्याकडून उचलली. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूज हे तिथले कम्युनिस्ट बंडखोर राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरून सत्तेवर आले तेव्हा पान्ह लहान होते. आईवडील, भावंडं त्या राजवटीत गेली. दाखवायला चित्रच उरलं नाही, म्हणून २०१३च्या 'द मिसिंग पिक्चर' या माहितीपटात त्यांनी सगळं मातीतून उभं केलं. (तिथले पंधरा-वीस लाख मृत्यू आणि आपली आणीबाणी एका मापाने मोजायला मी वेडा नाही. घेतली ती फक्त रीत.)

गणपतीच्या तोंडावर, कारखान्यात पाय ठेवायला जागा नसताना, तुम्ही शाडूचा गोळा घेऊन आबांसमोर बसलात. "कपडे पट्ट्यापट्ट्यांचे करू का?" आबा उखडलेच. "आम्ही स्थानबद्ध होतो, चोर नव्हे! अंगावर घरचेच कपडे." बरं, मग बसायचात कसे? मांडी घालून, की गुडघे पोटाशी घेऊन? हात कुठे?

आबा उठले आणि थेट फरशीवर बसून दाखवलं. तिथून मग शेजारी कोण असायचं, रात्रभर कोण खोकायचं, आजीच्या पत्राची किती पारायणं व्हायची, सगळं आलं. आम्ही घरच्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं.

पान्ह यांच्या 'एस-२१' या दुसऱ्या माहितीपटात ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगाचे जुने पहारेकरी रिकाम्या कोठडीत आपली तेव्हाची ड्यूटी करून दाखवतात. अंगात मुरलेलं असं बाहेर येतं हे मी पडद्यावर पाहिलं होतं. तुम्ही तो सिनेमा पाहिलेला नाही. तुम्हाला फक्त मूर्तीचा हात कुठे ठेवायचा ते ठरवायचं होतं.

खांद्यांच्या उतारावरून तुमचं आणि आबांचं जे वाजलं, ते अजिबात कापलेलं नाही. पहिला खेळ मुद्दाम विसर्जनानंतर ठेवलाय, तुमची धांदल संपल्यावर. काकूंना घेऊन या. आबांनी तुमच्या शेजारचीच खुर्ची मागितली आहे, तेव्हा तयारीनेच या.