सराव पाठाचे चित्रीकरण व्हावे, पण पालकांना विचारून

संपादक महोदय,

बी.एड.च्या छात्राध्यापकांचे सराव पाठ मी सोलापुरात बरीच वर्षे मागच्या बाकावर बसून पाहिले. निरीक्षक दहा मिनिटे थांबतात, पाठाच्या वहीत ‘फलकलेखन सुधारावे’ असा शेरा मारतात आणि पुढच्या वर्गाकडे वळतात. एवढ्यावर गुण ठरणे अन्यायाचे आहे. पूर्ण पाठाचे चित्रीकरण पाहूनच मूल्यमापन व्हावे.

एका छात्राध्यापिकेला मी मोबाइलवर तिचाच पाठ दाखवला. शहराच्या पूर्वभागातली शाळा. घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी दोनदा हात वर करते आणि दोन्ही वेळा बाई फळ्याकडे वळतात. बघताना ती छात्राध्यापिका गप्पच झाली. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न तिने त्याच मुलीला विचारला.

मात्र या चित्रफिती व्हॉट्सॲपवर फिरता कामा नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. आपल्या शहरात ते संमतीपत्र मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवे. नकार आला तर त्या मुलाला वर्गाबाहेर न काढता कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसवावे.

– एक निवृत्त अध्यापिका, सोलापूर