वॉटला २३० नं भागा, मगच प्लग लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी कोपरखैरण्याला राहतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत ३१ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, आता रिटायर झालोय. मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींनी सकाळी सकाळी हाक मारली, "भाऊ जरा बघता का हो, बाथरूमपाशी जळका वास येतोय." जाऊन बघतो तर गिझरचा प्लग बोर्डाला चिकटून बसलेला, पांढरं प्लॅस्टिक पार तपकिरी झालेलं आणि एका पिनेभोवती पापड भाजताना येतात तसे फोड. मेन बंद केला, प्लग ओढला तर सॉकेटचा तुकडाच बाहेर आला.

गिझर २००० वॉटचा. त्याचा प्लग जाड पिनांचा, म्हणजे १६ अँपिअरचा, पण बाथरूमपाशी पॉइंट होता तो छोटा, ६ अँपिअरचा. ज्या माणसानं गिझर बसवला त्यानं मध्ये एक कन्व्हर्टर, म्हणजे जाड पिनांचा प्लग छोट्या पॉइंटला बसवणारा जोड, लावून दिला आणि काम झालं म्हणून निघून गेला. हा कन्व्हर्टर बाजारात कुठंही मिळतो, घेताना कोणी विचारत नाही काय लावणार म्हणून.

आता हिशोब बघा, दहावीच्या पोरालाही येईल असा आहे. आपल्याकडे घरात व्होल्टेज २३० धरतात. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, म्हणून २००० ला २३० नं भागलं की करंट येतो ८.७ अँपिअर. सॉकेट किती झेपणारा? ६ चा. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट, त्याच्या वर त्या छोट्या पॉइंटवर काही लावायचंच नाही. १००० वॉटची इस्त्री ४.३५ अँपिअर घेते, ती चालते. ३ लिटरचा इन्स्टंट गिझर ३००० वॉटचा असतो, तो १३ अँपिअर घेतो, त्याला मोठाच पॉइंट हवा आणि मागची वायरही तशीच जाड हवी, बरेच जण पॉइंट बदलतात आणि आत लाइटची दीड स्क्वेअर एमएमची बारीक वायर तशीच ठेवतात, तेही चूकच.

पण आजींनी विचारलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. "एमसीबी तर पडली नाही, मग जळलं कसं?" हा प्रश्न कंपनीत शिकाऊ पोरंही विचारायची. एमसीबी म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. त्या लाइनची एमसीबी १६ अँपिअरची होती, तिच्या दृष्टीनं ८.७ म्हणजे काहीच नाही. शिवाय खरी गडबड लूज कॉन्टॅक्टची. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, येतो, २३० भागिले ८.७, म्हणजे गिझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण २६.५ ओहम. आता सॉकेटची पितळी पट्टी तापून तापून ढिली झाली आणि तिथं नुसता अर्धा ओहम तयार झाला असं समजा. एकूण २७ ओहम, करंट ८.७ वरून ८.५ वर आला, म्हणजे वाढला नाही, उलट कमी झाला! एमसीबीला काय कळणार. आणि त्या अर्ध्या ओहमवर उष्णता किती, तर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, ८.५ गुणिले ८.५ गुणिले अर्धा, म्हणजे ३६ वॉट. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि त्यावर सोल्डर वितळतं. इथं त्याहून जास्त उष्णता पिनेच्या टोकाएवढ्या जागेत, रोज सकाळी, बंद प्लॅस्टिकच्या आत. पट्टी तापली की अजून ढिली होते, रेझिस्टन्स अजून वाढतो, मग अजून तापते.

आजींचा नातू दहावीत आहे, तो शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. ओहमचा नियम त्याला पाठ, १८२७ साल पण सांगितलं. मग घरातला जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब घेऊन आला, त्यानं हिशोबानं ५२९ ओहम काढले होते आणि माझ्या मल्टिमीटरवर दिसले ४० च्या आसपास, म्हणाला काका फॉर्म्युला चुकतोय. चुकत नाही रे बाबा, बल्बची तार थंड आहे, पेटल्यावर ती दोन-अडीच हजार डिग्रीला जाते तेव्हा तिचा रेझिस्टन्स वाढून ५२९ होतो. गिझरची कॉइल मात्र वेगळ्या धातूची, ती थंड असताना मोजली तरी २६-२७ च दाखवते, आम्ही लगेच मोजून बघितली. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मिक्सर, पंप, फ्रिज यांचा हिशोब इतका सरळ नसतो, मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढते, पण तापवणाऱ्या वस्तूंना, गिझर, इस्त्री, हीटर, किटली, हा भागाकार पुरतो.

माझं म्हणणं एवढंच की गिझर बसवायला येणाऱ्या माणसानं पॉइंट किती अँपिअरचा आहे ते बघितल्याशिवाय काम करू नये आणि दुकानदारानं कन्व्हर्टर देताना "गिझरला लावणार का" एवढं तरी विचारावं. सोसायट्या टाकी साफ करायला वर्षातून माणूस बोलावतात, तसा एक दिवस वायरमन बोलवून घराघरातल्या पॉवर पॉइंटचे स्क्रू आवळून घ्यावेत, दहा मिनिटांचं काम आहे. आणि आपल्या पेपरात थंडी सुरू व्हायच्या आधी एक छोटी चौकट द्यावी ही विनंती, कुठली वस्तू किती वॉट, किती अँपिअर, कुठला पॉइंट. लोक ती कापून बोर्डाशेजारी चिकटवतील. आजींनी तर माझ्याकडून कागदावर लिहून घेऊन चिकटवली पण.

आपला,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई