सीटी रूममधल्या ताईंना

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर पत्र. 2021 च्या कोरोनाच्या लाटेत माझ्या बाबांचा एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईनं काढलेला सीटी स्कॅन, तुम्ही केलात. ताप हटत नव्हता, ऑक्सिजन 91 वर आलेला आणि आरटीपीसीआर मात्र निगेटिव्ह, त्यामुळे डॉक्टर म्हणाले एकदा छाती बघूनच घेऊ.

आधी एक कबुली देते. आमच्या आधीचा पेशंट बाहेर पडला तरी अर्धा तास दार बंदच, तेव्हा मी जाम चिडले होते, दोनदा येऊन बडबडलेही. नंतर कळलं की आत तुम्ही टेबल, गॅन्ट्री (मशीनचं ते मोठं गोल कडं) सगळं पुसून काढत होतात आणि खोलीतली हवा बदलायची वाट बघत होतात, तेही त्या पीपीई किटमध्ये, प्रत्येक पेशंटनंतर. सॉरी, खरंच.

बाबांना कमी ऐकू येतं. स्पीकरवरचं 'श्वास घ्या, धरून ठेवा' त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही हे तुम्ही लगेच ओळखलंत आणि मागे एवढी रांग असताना शेजारी उभं राहून खुणेनं शिकवलंत, मशीनवरचा तो छोटा दिवा लागला की छाती भरून श्वास घ्यायचा आणि विझेपर्यंत सोडायचा नाही. तीनदा प्रॅक्टिस! मला वाटलं कशाला एवढं, पण रेडिओलॉजिस्ट नंतर म्हणाले की श्वास सुटला की फोटो हलतो, आणि अर्धवट श्वासात चांगलं फुफ्फुससुद्धा धुरकट दिसतं, म्हणजे नसलेला आजार दिसायचा.

बाबांना तो होताच, दोन्हीकडे खालच्या बाजूला कडेकडेनं ग्राउंड ग्लासचे, म्हणजे दुधी काचेसारखे धुरकट पॅच, फुफ्फुसं किती बिघडलीत याचा स्कोअर 25 पैकी 9. फुफ्फुसांचे पाच भाग म्हणजे लोब, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच मार्क. तेव्हा जो तो परीक्षेच्या निकालासारखा स्कोअर विचारायचा (आणि साध्या सर्दीलाही सीटी काढत सुटलेले लोक होते, ती गर्दी पण तुम्हीच झेललीत). मी कितीही खोदून विचारलं तरी तुम्ही 'ते डॉक्टर सांगतील' यापुढे गेला नाहीत, बरंच केलंत.

पुढे वॉर्डात पोर्टेबल एक्सरेला तुमचे दोघं यायचे म्हणे, एकजण पिशवीत गुंडाळलेली प्लेट पाठीखाली सरकवणार, दुसरा फक्त मशीनला हात लावणार. आम्ही डॉक्टर-नर्सेसना थँक्यू म्हणून आलो, तुमच्याकडे फिरकलोच नाही.

बाबा आता ठणठणीत आहेत. सिग्नलला लाल दिवा लागला की मुद्दाम गाल फुगवून श्वास धरून बसतात, हिरवा होईपर्यंत.