रविवारी रंगकाम: आपापली लढाऊ यंत्रं घेऊन या

सभासदहो, काल्पनिक यादवी युद्धाच्या देखाव्यासाठी लढाऊ यंत्रमानवांच्या प्लास्टिक मॉडेलांचं रंगकाम येत्या रविवारी सकाळी ७ वाजता, धरमपेठेतल्या नेहमीच्या जागी. उशीर नको. ऊन चढलं की स्प्रेचा रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

- प्रमाण १/१४४च हवं. १८ मीटरचं यंत्र मॉडेलमध्ये १२.५ सेंटिमीटर भरतं.
- सरकारी बाजू राखाडी, बंडखोर मातकट. दोन्ही बाजूंची यंत्रं एकाच कारखान्यातली, त्यामुळे सांगाडा बदलू नका. खांद्यावरची जुनी खूण अर्धवट खरवडून तिच्यावर नवी रंगवा. यादवी तिथेच दिसते.
- एनॅमल थिनर सांध्यांवर ओतू नका, ताणाखालचं एबीएस प्लास्टिक तडकतं. भाग सुटे करा, क्लिअर कोट (पारदर्शक थर) द्या, मगच खाचांतल्या रेषा रंगाने भरा.

कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. कार्बन फिल्टरचाच आणा. त्याशिवाय स्प्रे मिळणार नाही.