मदत लिलावाच्या नोटिशीआधी पोचावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पहिल्या पानावर रुपया घसरल्याची बातमी होती आणि आतल्या पानावर सोनेतारण कर्जाच्या जाहीर लिलावाची नोटीस. कर्जदारांची नावे, खाते क्रमांक आणि पुढे ग्रॅम. पहिली बातमी बहुतेकांनी वाचली असेल. नोटीस मी ओळ न् ओळ वाचली, कारण अशा नोटिशींचे मसुदे तयार करण्यात माझी नोकरी गेली. नाशिकरोडच्या एका पतसंस्थेत मी १९९० साली लागले आणि तेहतीस वर्षांनी निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षे सोनेतारणाच्या काउंटरवर काढली. त्या दिवशी अंकात या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर होत्या, पण त्या एकच आहेत, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नोकरीला लागले त्याच्या पुढच्याच वर्षी देशावर सोने गहाण टाकायची वेळ आली. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले. त्याच महिन्यात दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि अर्थसंकल्पात खताचे दर वाढले. आमच्या कार्यालयात दुपारी डबा खाताना देशाच्या अब्रूची चर्चा चाले. काउंटरवर पळसे, शिंदे, सिन्नरकडच्या बायका पोत घेऊन उभ्या असत. देशाने ते कर्ज काही महिन्यांतच फेडले. त्या वर्षी मी लिहिलेल्या पावत्यांपैकी कितीतरी कधीच सोडवल्या गेल्या नाहीत.

काउंटरवर बसले की एक क्रम लक्षात येतो. आधी पुरुषाची अंगठी येते. मग बारशाला मिळालेली बाळाची अंगठी, मग कानातले, आणि सगळ्यात शेवटी मंगळसूत्राच्या वाट्या. सराफ कस लावून वजन करेपर्यंत ती बाई बाकावर बसून काळे मणी साध्या दोऱ्यात ओवून घेते. वाट्या आल्या की आम्ही समजायचो, या घरात आता दुसरे काही उरलेले नाही. एखाद्या महिन्यात वाट्या वाढल्या, की बाहेर काहीतरी मोठे बिघडले आहे हे आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी कळायचे.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. दिवाळीनंतर अंबड-सातपूरच्या लहान वर्कशॉपांतली गाड्यांच्या सुट्या भागांची कामे आटू लागली. तेव्हाची एक बाई मला आजही आठवते. नवरा अंबडला पावडर कोटिंगच्या कामावर. तीन पाळ्यांची एक पाळी झाली, मग ‘सोमवारी फोन करतो’ असे सांगून त्याला घरी बसवले. जानेवारीत ती कानातले घेऊन आली आणि मार्चमध्ये वाट्या. ‘ताई, अक्षय्य तृतीयेला नाही जमलं तर दिवाळीला नक्की सोडवते,’ म्हणाली. वर्षाने आली ती व्याज भरून पावती फिरवून घ्यायला. पैसे कुठून जमवले असे विचारले, तेव्हा म्हणाली, ‘पोरगी आता माझ्याबरोबर धुण्याभांड्याला येते. तिचं नाव काढलं शाळेतून.’ मुलगी नववीत होती.

त्याच्या पुढच्या वर्षी त्या वाट्या लिलावात गेल्या. नोटीस माझ्याच हाताने तयार झाली होती. तोवर मंदी संपली होती. गाड्या पुन्हा धडाक्याने विकल्या जात होत्या, देशाच्या वाढीचा दर आठ टक्क्यांच्या घरात पोचला होता. तिच्या नवऱ्यालाही काम मिळाले होते, पण ठेकेदारामार्फत आणि आधीपेक्षा कमी पगारावर. कोणी त्या घराची पाहणी केली असती तर कमावते हात एकाचे तीन झाले असेच लिहिले असते. मुलगी मात्र शाळेत परत गेली नाही, आणि पुढचे संकट येईल तेव्हा गहाण टाकायला त्या घरात गुंजभरही सोने उरले नव्हते.

गरीब देशांत सगळीकडे हेच घडते, असे माझे वाचन सांगते. निवृत्तीनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत असते. इंडोनेशियात १९९७-९८ मध्ये चलन कोसळले. डॉलरला सुमारे २,४०० असलेला रुपिया काही महिन्यांत १५,००० च्या आसपास गेला आणि १९९८ या एका वर्षात अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आकसली. तिथल्या सरकारी आकड्यांनुसार १९९६ मध्ये साडेसतरा टक्के लोक गरीब होते, १९९८ मध्ये चोवीस टक्के. चलन पडल्यामुळे सोन्याचा स्थानिक भाव कडाडला. त्यामुळे ज्यांच्या घरात थोडे सोने होते, ती घरे ते विकून तग धरू शकली. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांनी जेवण कमी केले. हे वाचताना मला माझा काउंटर दिसत होता. तिथल्या सरकारने त्याच वर्षी गरिबांना स्वस्त तांदूळ आणि मुलांना शाळेत टिकवण्यासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. शाळा जेवढ्या ओस पडतील अशी भीती होती, तेवढ्या पडल्या नाहीत. म्हणजे वेळेवर हात दिला तर थोपवता येते.

श्रीलंका तर आपल्या कांद्याचे गिऱ्हाईक. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परकीय कर्ज फेडता येत नसल्याचे जाहीर केले. त्याआधीच डॉलर नाहीत म्हणून अन्नाचे कंटेनर कोलंबोच्या बंदरात अडकून पडले होते. सप्टेंबरपर्यंत महागाई ७० टक्क्यांच्या जवळ गेली. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार तिथली गरिबी एका वर्षात १३ वरून २५ टक्क्यांवर पोचली. मला सगळ्यात जास्त लागते ते पुढचे. २०२४ मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था ५ टक्क्यांनी वाढली, महागाई आटोक्यात आली, रांगा संपल्या, आणि तरीही जवळजवळ चौथा हिस्सा लोक गरीबच होते. देश दोन वर्षांत सावरला असे आपण म्हणतो. पण ज्या घराने त्या दोन वर्षांत शिलाई मशीन विकले, मासेमारीची जाळी विकली, पोराला शाळेतून काढले, ते कशाच्या आधाराने वर येणार? ज्या वस्तूंच्या जोरावर सावरायचे, त्याच तगून राहण्यासाठी विकाव्या लागतात.

आपल्याकडे २०२० मध्ये ते उघड्यावर दिसले. मार्चअखेर द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता आणि गाड्या बंद झाल्या. निफाड-दिंडोरीच्या बागाईतदारांचेही मोठे नुकसान झाले, हे मी नाकारत नाही. अनेकांनी माल उकिरड्यावर टाकण्यापेक्षा बेदाणा केला. पण द्राक्षाचा बेदाणा होतो, पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुराचा बुडालेला रोज सुकवून ठेवता येत नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसे नाशिककरांनी पाहिली, त्यांना पाणी दिले, भाकरी दिली. १ मे च्या रात्री नाशिकरोड स्टेशनवरून मजुरांची पहिली गाडी भोपाळकडे सुटली. त्या साथीच्या वर्षात जगभरात सुमारे ७ कोटी माणसे अतिगरिबीत ढकलली गेली, असा जागतिक बँकेचा हिशेब आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा मिळाली. हेतू चांगला असेल. पण कर्ज मिळणे आणि मदत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तीन दशके पाहिले आहे. काम थांबलेल्या माणसाला जास्त कर्ज दिले तर त्याच्या डोक्यावर व्याजही जास्त चढते आणि ते भरायला रोज तर नसतोच. रेशनवर दर माणशी ५ किलो मोफत धान्य मिळाले, त्याने मात्र खरोखर चुली पेटत्या राहिल्या. तेल, भाजी, औषध आणि घरभाडे यांसाठी लागणारी रोकड सोने मोडूनच येत होती. आमच्याकडचे लिलाव काही महिने थांबले आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या याद्यांमध्ये वाट्या जास्त होत्या. त्या याद्यांवर माझ्या सह्या आहेत, आणि ते ओझे माझ्या मनावरून उतरलेले नाही.

यावर पतसंस्थेचे म्हणणेही मला माहीत आहे. ठेवी कोणाच्या? इथल्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या कामगारांच्या, विधवांच्या, भाजीवाल्यांच्या. वसुली झाली नाही तर त्यांचे पैसे बुडतील. म्हणूनच हा भार संस्थांवर टाकून चालणार नाही. मोठे संकट जाहीर झाले की ठरावीक वजनाखालच्या तारणाचे लिलाव सहा महिने थांबवावेत आणि त्या काळाचे व्याज सरकारने भरावे. एखादे-दोन तोळे सोने वाचवायला सरकारला फार खर्च येत नाही. ते गमावलेल्या घराला पुन्हा घडवायला मात्र अर्धे आयुष्य लागते.

आणि काम. महाराष्ट्राला हे शिकवायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी थापायची ते मला आठवते. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पीक बुडाले, पण मजुरी हातात पडत राहिली, म्हणून तेवढी उपासमार टळली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायद्यात उतरली, मागेल त्याला काम, तेही पंधरा दिवसांत. त्यासाठी व्यवसाय कर लावला गेला. माझ्या पगारातून तो दरमहा कापला जायचा आणि मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. पुढे २००५ मध्ये साऱ्या देशाने तसा कायदा केला. पण ही हमी गावापुरतीच राहिली. अंबडचा कामगार, बांधकामावरची बिगारी बाई, रिक्षावाला यांच्यासाठी शहरात असे काही नाही. केरळने २०१० पासून शहरी रोजगार हमी चालवली आहे, राजस्थानने २०२२ मध्ये सुरू केली. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली, त्याने आपल्या शहरांतल्या मजुरांसाठी ती का आणू नये? गोदेकाठची स्वच्छता, नाल्यांची कामे, महापालिकेच्या शाळांची डागडुजी, नाशिकमध्ये कामाची वाण नाही.

आपल्याकडेही एक मागणे आहे. आपण रोज सोन्याचा भाव, डॉलरचा भाव, लासलगावचा कांद्याचा भाव छापता. त्याच चौकटीत एक ओळ मजूर नाक्याची द्या. आज बिगाऱ्याला किती रोज मिळाला आणि नऊ वाजून गेल्यावर किती माणसे डबा तसाच घेऊन घरी परतली. रोजाचा दर पडणे आणि परतणाऱ्यांची संख्या वाढणे ही पहिली खूण असते. वाट्या काउंटरवर येतात त्या त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, आणि लिलावाची नोटीस तर वर्ष-दीड वर्षाने. मदत करायची असेल तर वेळ एवढीच असते.

बातमीदाराला रोज नाक्यावर पाठवणे अवघड असेल, तर नाशिकरोडपुरते हे काम मी करीन. सकाळी फिरायला मी त्याच रस्त्याने जाते. दहाच्या आत आपल्या कार्यालयाला दर आणि माणसांची संख्या कळवत जाईन.

आपली,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी,
नाशिकरोड